मे महिन्याच्या मापाचा पिंजरा

सकाळी 6

फेब्रुवारीच्या अखेरीला चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये पहाटे चादर लागते आणि दुपारी पंखा. पिंजरा बांधायला हाच काळ बरा. लाकूड कोरडं असतं, लग्नसराईची पलंग-कपाटं सुरू न झाल्यामुळे मिस्त्रीला सवड असते, आणि उन्हाळा दारात उभा असला तरी आत आलेला नसतो.

पिंजरा ज्यांच्यासाठी, त्या दोन गिनीपिग सध्या टीव्हीच्या खोक्यात आहेत. एक भुरी, एक काळी. दुकानातून त्यांच्याबरोबर तारेच्या तळाचा एक छोटा पिंजरा मिळाला होता, तो मी अंगणात उलटा घालून त्यावर वालाचा वेल चढवला आहे. तारेवर दिवसभर उभं राहून या प्राण्यांच्या तळपायांना जखमा होतात. शिवाय एक किलोच्या आसपास वजनाचा प्राणी पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवायचा, यात काही ताळतंत्र नाही.

पावलं वाजली की दोघी शिट्टीसारखा आवाज काढून गवत मागतात. गवत धुऱ्यावरून आणायचं, तेही सूर्य वर आल्यावर. जंगलाच्या कडेला हिरवं जास्त असतं, पण मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे एवढ्या सकाळी कुणी एकट्यानं वाकून गवत कापत नाही. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, असं इथले जुने लोक सांगतात. मोहफुलं वेचणाऱ्यांवरचे हल्ले या भागात दर उन्हाळ्यात होतात. तेव्हा घरामागच्या बांधीच्या धुऱ्यावरची हरळी, दव झटकून, दोन मुठी. उरलेलं पोट सुक्या गवतानं भरायचं. धानाचं तणस इथे हवं तेवढं मिळतं, पण ते अंथरायला ठीक, खायला नाही. त्यात सत्त्व कमी आणि काड्या टोकदार. या प्राण्यांचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला रोज लांब धाग्याचं सुकं गवत चघळावं लागतं. म्हणून पिंजऱ्याच्या आराखड्यात पहिली जागा गवताच्या घोडीची. बाकी सगळं तिच्याभोवती.

सकाळी 7.30

आरा मशीनवर मिस्त्री माझ्या आधी हजर. सागाचे तुकडे निवडून त्यानं एका बाजूला काढले आहेत. आलापल्लीच्या सागाचं कौतुक इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान निघालं, तेव्हा शोभायात्रा निघाली होती. आमच्या वाट्याला दीड इंची पट्ट्यांचे उरलेले तुकडे, रीतसर पावतीसह. सागाच्या बाबतीत या जिल्ह्यात पावती मागून घ्यावी. रस्त्यात कुणी विचारलं तर खिशात असलेली बरी.

"किती मजले करायचे जी सर?"

"दीड."

मिस्त्रीनं पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली. त्याच्या डोक्यात तीन मजल्यांचं देखणं काहीतरी होतं. खाली कपाट, मध्ये गॅलरी, वर कमान. कुणीतरी त्याला मोबाइलवर तसं चित्र दाखवलं होतं. "दीड मजला म्हनजे माडीच नाही झाली ना. लोक येतीन पाहाले, मी काय सांगू?"

त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा प्राणी. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला, खाण्यासाठी. पेरूमध्ये आजही खातात. डोंगराकडचा असला तरी तो चढणारा नाही, गवतातून पळणारा आहे. मांजरासारखी उडी त्याला येत नाही, खारीसारखं लटकता येत नाही, आणि खोलीचा अंदाज इतका कच्चा की कठड्यावरून सरळ पाय पुढे टाकतो. दोन-तीन फुटांवरून पडला तर हाड मोडतं. त्याला पळायला लांब सपाट जमीन लागते. तीन मजल्यांची बेरीज करून क्षेत्रफळ मोठं दाखवता येतं, पण पळणं बेरजेवर होत नाही. दोघींसाठी एका सपाटीत निदान साडेसात चौरस फूट हवेत असं जाणकार सांगतात, आणि दहा असले तर उत्तम.

मग दीड तरी कशाला? कारण दोघींत एक दांडगी असते. काळी भुरीला गवतावरून हुसकते, तेव्हा भुरीला जायला दुसरी जागा हवी, आणि तिथे पोचायचे रस्ते एकाहून जास्त हवेत. एकटीच ठेवली असती तर भांडण नव्हतं, पण एकटा गिनीपिग झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून एकटा गिनीपिग पाळणं कायद्यानंच बंद आहे. मिस्त्रीला हे फार आवडलं. "उंदराले कायदा! आन् आमची बकरी?"

सकाळी 8.30

मापं. आरा मशीनच्या मागच्या भिंतीवर, खडूनं, खऱ्या आकाराची. कागदावर सगळं बसतं, भिंतीवर बसत नाही, म्हणून भिंत.

तळ 5 फूट बाय 2 फूट. प्लायचा पत्रा 8 बाय 4 चा येतो. तो उभा चिरला की 8 बाय 2 च्या दोन पट्ट्या. पहिलीतून 5 फुटांचा तळ आणि 3 फुटांचा तुकडा उरतो. त्यातून वरचा माळा 20 इंच बाय 24, आणि 16 इंच उरतात. दुसऱ्या पट्टीतून मागची भिंत 5 बाय 2 आणि बाजूची एक. दुसरी बाजू, दर्शनी भाग आणि छत जाळीचं. आतली उंची 2 फूट, त्यात माळा बरोबर मध्ये, 12 इंचांवर. खाली 18 इंचांचे पाय.

खरं डोकं चढणीत गेलं. मिस्त्रीच्या मनात 16 इंचांची शिडी होती. 12 इंच चढायला 16 इंचांची फळी म्हणजे अट्ठेचाळीस-पन्नास अंशांचा कडा, त्यावरून हा प्राणी चढणार नाही आणि चढला तर गडगडत येईल. फळी 30 इंचांची घेतली की चढ चोवीस अंशांच्या आत येतो. पण 30 इंचांची फळी जमिनीवर साडेसत्तावीस इंच खाते. माळ्याचे 20 आणि हे साडेसत्तावीस मिळून साडेसत्तेचाळीस. तळ 4 फुटांचा असता तर चढणीच्या पायथ्याशी अर्धा इंच उरला असता, म्हणजे फळीवर पाय ठेवायलाही जागा नाही. 5 फुटांत साडेबारा इंच उरतात. तळ 5 फुटांचा आहे तो या फळीमुळे. मिस्त्रीनं दोनदा गुण्या लावून पाहिलं, मग म्हणाला, "बराबर आहे. माडी जिन्यानंच ठरते. घराचीबी."

सकाळी 9.30

बुरुडाच्या घरी. या भागात बांबूला नुसतं बांबू म्हणून भागत नाही. भरीव, काटक असतो तो मानवेल, जाड आणि काटेरी तो काटस. कागद कारखान्यासाठी इथला बांबू दशकानुदशकं गाड्या भरभरून गेला आणि टोपली विणणाऱ्याला दोन बांबूंसाठी नाक्यावर उभं राहावं लागलं. 2011 च्या एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला स्वतःच्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा हक्क मिळाला, त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. इथल्या बुरुडांच्या घरांत अजून ते बोललं जातं.

मला हवी होती चढणीवर घालायला तट्ट्याची पट्टी, दोन बाजूंचे कठडे, गवताची घोडी आणि एक बिनबुडाची टोपली, आडवी टाकून बोगद्यासारखी. पण बांबूची एक अडचण आहे. कच्चा बांबू भुंगा पोखरतो, सकाळी खाली पिवळी भुकटी पडलेली दिसते. चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, अशा ठिकाणी बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. खुर्चीला, दिव्याला उत्तम. पण आमचं गिऱ्हाईक खुर्ची कुरतडणारं. औषध प्यायलेला बांबू त्यांच्या दाताखाली नको.

बुरुडाच्या घरच्या मावशींनी एका वाक्यात निकाल लावला. "पान्यातला घ्या." म्हणजे तोडून महिनाभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला. त्यातला पिठूळ गोड अंश पाण्यात जातो आणि भुंग्याला चव उरत नाही. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला, तीन-चार वर्षांचा, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार अंधाऱ्या पंधरवड्यात. पंधरवड्याचं मला माहीत नाही, पण पिकलेला आणि पाण्यात मुरलेला या दोन गोष्टींना शास्त्राचाही पाठिंबा आहे. दोन-तीन वर्षांनी कठडे नवे लावावे लागतील. लावू. कठडा संपला तर नवा मिळतो.

कामट्या सोलताना त्या प्रत्येक कडा सुरीनं उलट्या तासत होत्या. सूप करताना एवढं करत नाहीत. "इवलाले पाय हायेत ना त्यायचे," एवढंच म्हणाल्या.

सकाळी 11

कापणी. आवाज, भुसा, चहा. फार सांगण्यासारखं नाही. सागाचा भुसा नाकात चुरचुरतो, म्हणून तो बिछान्यासाठी घ्यायचा नाही हे मिस्त्रीच्या पोऱ्याला दोनदा सांगावं लागलं. तो प्रेमानं पोतं भरत होता.

एक निर्णय मात्र इथे झाला. सुतार जाळी चौकटीला बाहेरून ठोकतात, कारण वरून पट्टी मारली की काम साफ दिसतं. आम्ही आतून ठोकायची ठरवली. तशी ठोकली की दात आधी जाळीला लागतात, लाकडापर्यंत जातच नाहीत. प्लायच्या कडांतून डिंकाचे थर दिसतात, त्यांवरही सागाची पातळ पट्टी बसवून जाळी तिच्यावरून घेतली. मिस्त्रीला हे उलटं शिवलेल्या सदऱ्यासारखं वाटलं. शिवण दिसते हे खरं आहे.

दुपारी 12.30

लाईन गेली. महाऔष्णिक वीज केंद्र ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात लाईन जाते, यावर इथे आता विनोदही होत नाही. डबे उघडले. मिस्त्रीकडे भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, माझ्याकडे पोळी-भाजी, आणि मावशींनी बोरांची पुडी पाठवलेली.

पाय 18 इंच कशाला, नऊ करू, लाकूड वाचेल, असं मिस्त्रीनं काढलं. मी त्याला मुंबईची गोष्ट सांगितली. प्लेगचे दिवस. परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज आपण हाफकिन म्हणतो, ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर होता. 1905 च्या सुमारास मुंबईतल्या एका चाळीत पाळलेले गिनीपिग पटापट मेले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. मग प्लेग आयोगानं तोच धागा धरला. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडायचे, पिसवा त्यांच्यावर गोळा होतात, त्या मोजायच्या. पुढे खास खोल्या बांधून त्यांत पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवून पाहिले. जमिनीवर मोकळे फिरणारे मेले. दोन इंच उंच ठेवलेल्यांतलेही काही मेले. दोन फूट उंच टांगलेले वाचले, कारण पिसवेची उडी काही इंचांचीच. प्लेग पिसवांवरून पसरतो हे पक्कं करणाऱ्या पुराव्यात पिंजऱ्याच्या पायांच्या उंचीचाही वाटा आहे.

मिस्त्री जेवायचा थांबला होता. "म्हनजे त्यायनं जीव देऊन आपल्याले वाचवलं."

"दिला नाही, घेतला. आणि त्यांनी अजून एक शिकवलं." 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना गिनीपिगमध्ये खलाशांचा स्कर्व्ही दिसला, नुसतं धान्य खायला घातल्यावर. आपल्यासारखंच या प्राण्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज बाहेरून द्यावं लागतं. शोध लागायला प्रयोगशाळेत दुसरा कुठला प्राणी असता तर बरीच वर्षं अजून गेली असती. आमच्याकडे यावर कोथिंबीर, सिमला मिरची आणि हंगामात पेरूची फोड. आवळा नखाएवढाच, फार आंबट.

पाय 18 इंचांचेच राहिले. खाली गवताचं पोतं बसेल, हे कारण मिस्त्रीला पिसवांहून जास्त पटलं असावं.

दुपारी 2

सावलीतही टिनाखाली बसवत नाही, आणि हा फेब्रुवारी. खरी गोष्ट आता.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तिथेच मुक्काम करतो. ब्रह्मपुरीचं नाव तर देशभरच्या बातम्यांत येतं. गिनीपिगला सोसतं ते अठरा ते चोवीस अंश. अठ्ठावीस-तीसच्या वर तो लोळागोळा होतो, त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करता येत नाही. लाळ गळायला लागली, आडवा पडला, तर वेळ फार थोडा असतो. परदेशी चित्रांत जे उंच सुंदर पिंजरे दिसतात ते थंड घरांतले. आमच्याकडे पिंजऱ्याचं माप मे महिन्यावरून घ्यायचं, उरलेले अकरा महिने त्यात आपोआप मावतात.

म्हणून वरचा माळा हा हिवाळी माळा. उन्हाळ्यात वर हवा साचते, तिथे गार काही ठेवता येत नाही, आणि उन्हानं थकलेल्या प्राण्याला चढ-उतार नको. चढण आकड्यांवर टांगलेली ठेवली. एप्रिल आला की फळी काढून घ्यायची, माळ्याचं तोंड बंद, आणि खालचा तळ पूर्ण दहाच्या दहा चौरस फूट मोकळा. तळावर सनमायका चिकटवला आणि वर सुटा पत्र्याचा ट्रे, कडा अडीच इंच वर दुमडलेल्या. उन्हाळ्यात अर्ध्या ट्रेमध्ये फरशीचे दोन तुकडे बसतात. त्यांवर हे प्राणी पोट टेकून पडतात. दुसऱ्या अर्ध्यात फुटक्या माठाचं मोठं खापर, बाहेरून ओलं केलेलं, आत शिरायला. बाटलीत बर्फ करून फडक्यात गुंडाळून ठेवणं हा उपाय सगळे सांगतात, तो फ्रिज चालू असेपर्यंतचा. खापराला लाईन लागत नाही.

कूलर प्रत्येक घरात आहे, आमच्याही. त्याचा झोत सरळ पिंजऱ्यावर नको, बिछाना ओलसर होतो आणि गिनीपिगची छाती नाजूक. म्हणून कूलरच्या बाजूची भिंत प्लायची, समोरची जाळीची. थंड हवा भिंतीला वळसा घालून येते. ही बाजू मिस्त्रीनं उलट बसवली असती, पण तो आधी घर बघून गेला होता आणि त्यानंच विचारलं, "सर, कूलर कोन्या खिडकीत?" चांगला कारागीर हा प्रश्न न सांगता विचारतो.

दुपारी 4

लाईन आली. जाळी. दुकानात एक इंची, पाऊण इंची, अर्धा इंची अशी वेल्डची जाळी मिळते. गिनीपिग बाहेर न पडण्यासाठी एक इंची पुरते. पण आमच्याकडे प्रश्न आत कोण येईल हा. घरात उंदीर, उंदरामागे धामण, आणि पावसाळ्यात रात्री मण्यार, बोटाएवढी जाड. अर्धा इंचीच घेतली, जड आणि महाग. दाराला कडी-कोयंडा, नुसती चिमटी नाही, कारण मुंगसाला आणि मांजराला नाक घालून दार उघडता येतं. रात्री पिंजरा व्हरांड्यात नाही, आतच. बिबट्या व्हरांड्यातून कुत्रा नेतो तिथे जाळीचा भरवसा कुणी द्यावा?

पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी, जुन्या जाळीच्या कपाटाला असायच्या तशा. वाळवीलाही तोच अडसर.

याच वेळी आरा मशीनवर आलेल्या एका गिऱ्हाइकानं मिस्त्रीला दुसरं काम विचारलं, पोपटाचा पिंजरा. मिस्त्रीनं मान हलवली. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपला देशी पोपट पाळता येत नाही, रानससाही नाही, आणि वन विभागाच्या जिल्ह्यात हे कुणी कुणाला नव्यानं सांगायची गरज नसावी. तरी लोक विचारतात. गिऱ्हाइकानं आमच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, हा कसा चालतो मग? "हा फॉरेनचा आहे," मिस्त्री म्हणाला. कायद्याच्या दृष्टीनं उत्तर बरोबरच होतं.

संध्याकाळी 6

हातगाडीवरून घरी. दारातून पिंजरा आत येईना. चौकट 26 इंच रुंद आणि दार 30, पण बिजागऱ्या आणि कडी बाहेर आलेल्या. पाय स्क्रूचे होते म्हणून काढले, आडवा करून घेतला, परत बसवले. मावशींची तट्ट्याची पट्टी चढणीवर खिळ्यांऐवजी सुतळीनं बांधली, म्हणजे धुवायला सुटते.

दोघींना ट्रेमध्ये सोडलं. काळी लगेच घोडीखाली जाऊन खायला लागली. भुरी बोगद्यात. चढणीकडे कुणी बघितलंही नाही. बघायला आठवडा लागला तरी चालेल, कोथिंबिरीची काडी पहिल्या हातावर, दुसरी दुसऱ्या हातावर, असं करत वर न्यायचं. उचलून माळ्यावर ठेवायचं नाही, तिथूनच उडी टाकतील. शेजारच्या मुलांनी विचारलं पिल्लं कधी होणार. दोन्ही माद्या आहेत, तालुक्याच्या पशुवैद्यकानं बघून सांगितलं आहे. दुकानात नर-मादी एकत्र ठेवतात, मादी गाभण निघू शकते. साधारण नऊ आठवडे वाट बघावी लागते, आणि पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतात. तेवढे दिवस अजून झालेले नाहीत. अर्धा इंची जाळी त्याही हिशोबात आहे.

रात्री 8

हिशोब. मिस्त्री पाटावर, मी खुर्चीवर, तो वर बसायला तयार नाही. मजुरी एका दिवसाची ठरली होती. त्यात पोऱ्याची अर्धी धरायची की पूर्ण यावर थोडं झालं. पूर्ण धरली. प्लायचा उरलेला तुकडा कुणाचा यावर जास्त झालं. माझ्या मते त्यात दोन पिल्लांसाठी आडोसा निघतो. त्याच्या मते त्याच्या बायकोच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार निघतं, आणि खुराड्यात रोज मुंगूस येतं, ते आजच येणार आहे.

तुकडा त्याला दिला. त्यानं सोबत अर्धा इंची जाळीची उरलेली पट्टीही मागितली, आणि ती गुंडाळता गुंडाळता विचारलं, कोंबडीलेबी तळाले तार नको असते का. कोंबडी दांडीवर झोपते, तिला नको असं काही नाही, पण दांडी गोल आणि बोटं वळतील एवढी जाड हवी, असं मी म्हणालो. "मावशीकडून मानवेल आनतो," म्हणाला आणि त्यानं मजुरीतले शंभर रुपये मला परत दिले, जाळीचे.